स्वस्त गोळी, महाग गोळी आणि आपलं एरर बजेट

मागच्या लेखात 'इन्स्ट्रुमेंट घ्यायच्या आधी काय विचारायचं' याबद्दल लिहिते असं म्हटलं होतं. तो लेख राहून गेला, कारण मध्ये एक भलताच प्रश्न आला. पण उत्तर शोधता शोधता लक्षात आलं की हा तोच लेख आहे, फक्त वेगळ्या वेषात.

आमच्या लॅबमधला एक सिनियर सध्या अमेरिकेत, मिनेसोटात पोस्टडॉक करतोय. त्याच्या वर्कशॉपमधला टेक्निशियन हौशी नेमबाज आहे आणि रायफलची काडतुसं घरीच पुन्हा भरतो. एका रात्री सिनियरचा फोन. "अगं, तुझा विषय ड्रॅग आहे ना? मग सांग, ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाणाऱ्या काडतुसांसाठी लागणाऱ्या जड गोळ्या एवढ्या महाग का असतात? आणि स्वस्त घेतल्या तर नक्की काय बिघडतं?" मी आधी हसले. माझा ड्रॅग म्हणजे ग्लिसरिनमध्ये हळूहळू बुडणारे छर्रे, सेकंदाला एक सेंटिमीटर. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यातली पुंगळी बनवायला महाग, पण ती पुन्हा पुन्हा वापरता येते. म्हणून अमेरिकेत पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरणं हा कायदेशीर आणि बऱ्यापैकी जुना छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो, तेव्हा इथे हे 'घरी करून बघा' प्रकारातलं अजिबात नाही. दुसरं, दारू किती भरायची याबद्दल या लेखात एक अक्षरही नाही. ते आकडे उत्पादकांच्या छापील कोष्टकातूनच घ्यायचे असतात. कमी वेगाच्या काडतुसात तर दारू जास्त पडणं जितकं वाईट, तितकंच कमी पडणंही. गोळी नळीतच अडकते, ते लक्षात न येता पुढची झाडली तर नळी फाटते. आपण फक्त भौतिकशास्त्र आणि हिशेब बघू.

आता मूळ प्रश्न. गोळी ध्वनीपेक्षा वेगात गेली की तिच्यासोबत शॉकवेव्ह जाते आणि चाबूक ओढल्यासारखा 'कडाड' आवाज येतो. हा आवाज बंदुकीच्या तोंडातल्या स्फोटाचा नाही, गोळीचा स्वतःचा असतो, त्यामुळे बंदुकीच्या तोंडाशी काहीही बसवलं तरी तो जात नाही. १८८६ मध्ये पीटर साल्चर यांनी अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून फियूमे इथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेकात, उडत्या गोळीपुढच्या या लहरीचे फोटो काढले होते. 'माख नंबर' मधले माख ते हेच. तर हा आवाज नको असेल तर उपाय एकच. गोळी ध्वनीपेक्षा हळू सोडायची. २० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणून लोक साधारण ३२० मीटर हा वेग धरतात.

इथेच वजन आत येतं. वेगाला वरून झाकण बसलं, मग गतिज ऊर्जेच्या सूत्रात आपल्या हातात उरलं काय? फक्त वस्तुमान. ३०० ब्लॅकआउट या २०११ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेल्या काडतुसाचं उदाहरण घ्या. यात वेगवान भरणीसाठी ११० ते १२५ ग्रेनच्या गोळ्या वापरतात आणि हळू भरणीसाठी १९० ते २२० ग्रेनच्या. ग्रेन हे जुनं इंग्रजी वजन, एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. ३२० मीटरच्या वेगाने १२५ ग्रेनची गोळी सोडली तर ऊर्जा सुमारे ४१५ जूल, २२० ग्रेनची सोडली तर ७३०. शिवाय स्वयंचलित रायफलमध्ये पुढचं काडतूस वर यायला दारूच्या वायूचा पुरेसा दाब लागतो. हलकी गोळी आणि थोडीशी दारू असली की ती यंत्रणा अर्धवटच हलते.

जड म्हणजे महाग, यातला पहिला भाग किराणा दुकानातल्यासारखा आहे. एका पौंडात ७००० ग्रेन. शिशाच्या एका पौंडात १२५ ग्रेनच्या ५६ गोळ्या होतात, २२० च्या जेमतेम ३१. वरच्या तांब्याच्या आवरणालाही तोच नियम आणि तांबं शिशापेक्षा कितीतरी महाग. त्यात जड गोळ्यांचं गिऱ्हाईक थोडं. म्हणजे मोठ्या प्रमाणावर बनवल्याने येणारी स्वस्ताई इथे कमी. एवढं सगळ्यांना कळतं. पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे: या गोळीचे जे पैसे आपण देतो, त्यातले बरेचसे अशा गुणांचे असतात ज्यांचा ३२० मीटरच्या वेगाला फारसा उपयोगच नसतो.

टोक कशासाठी?

महागडी स्पर्धेची गोळी डोळ्यांसमोर आणा. लांब, सुईसारखं टोक, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. यातलं टोक शॉकवेव्हमुळे होणारा विरोध कमी करण्यासाठी आहे. शॉकवेव्हच नसेल तर त्या टोकाला काम काय? अगदीच काम नाही असं म्हणता येणार नाही, कारण ३२० म्हणजे माख ०.९३, आणि तिथे ड्रॅग वाढायला सुरुवात झालेली असते. मी कागदावर अंदाजी गणित केलं. २२० ग्रेनची बोथट गोळी शंभर मीटरमध्ये सेकंदाला वीसेक मीटर वेग गमावते, टोकदार दहा-बाराच्या आसपास. म्हणजे एक निशाण्यावर ३०० ने पोचेल, दुसरी ३१० ने. शंभर मीटरवरच्या कागदी निशाण्यासाठी या फरकाचे दुप्पट पैसे मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजले नसते.

याहून मजेशीर बाब स्थैर्याची. लांब गोळी हवेत कोलांट्या खाऊ नये म्हणून तिला स्वतःभोवती फिरवावं लागतं, भोवऱ्यासारखं. त्यासाठी नळीच्या आत पीळदार खाचा असतात. 'एकास आठ' पीळ म्हणजे आठ इंचात एक पूर्ण फेरा. ३२० मीटरच्या वेगाने निघालेली गोळी अशा नळीतून सेकंदाला सुमारे १५७५ फेरे घेत बाहेर पडते. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा. याचं पहिलं सुटसुटीत सूत्र वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचात. ०.३०८ इंच व्यास आणि १.५ इंच लांबीच्या गोळीला उत्तर येतं साडेनऊ इंच. म्हणजे साडेनऊ इंचात एक फेरा तरी हवाच.

पण इथे थांबू नका. सूत्र कुठल्या परिस्थितीसाठी आहे हे बघायची सवय लावून घ्या (मला ती व्हायव्हात एकदा तोंडावर आपटल्यावर लागली). ग्रीनहिलच्या सूत्रात वेग थेट येतच नाही. डॉन मिलर यांनी २००५ मध्ये दिलेल्या नियमात तो येतो, सेकंदाला २८०० फुटांशी केलेल्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या रूपात. आपला वेग आहे १०५० फूट, म्हणून दुरुस्तीचा गुणक पडतो ०.७२. स्थैर्यांक १ च्या खाली गेला की गोळी डगमगणार, १.४ च्या वर असला की निर्धास्त. आता त्याच २२० ग्रेनच्या, दीड इंची टोकदार गोळीसाठी मी आकडे मांडले. एकास आठ पिळात २.०, उत्तम. एकास दहा पिळात १.२८, काठावर. एकास बारा पिळात ०.८९, म्हणजे गोळी निशाण्याच्या कागदाला आडवी भोक पाडणार. आणि जुन्या ३०८ रायफलींमध्ये एकास दहा, एकास बारा हेच पीळ सर्रास सापडतात.

आता तीच २२० ग्रेन, पण बोथट नाकाची. वजन तेच, टोक नाही, त्यामुळे लांबी कमी. धरा १.३ इंच. एकास दहा पिळात स्थैर्यांक १.२८ वरून थेट १.९५ वर जातो! कारण सूत्रात लांबी जवळजवळ घनाने येते. थोडक्यात, ज्या टोकाचे जास्त पैसे आपण दिले, तेच या वेगाला गोळी अस्थिर करत होतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं नाही सांगत.

तांब्याच्या आवरणाचंही असंच. ते मुळात अतिवेगात शिसं नळीला चिकटून माखू नये म्हणून असतं. ३२० च्या वेगाला शिसं, कथिल आणि अँटिमनीच्या मिश्रधातूची साधी ओतीव गोळी, वर पातळ लेप देऊन, चांगली चालते. म्हणून अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या परवडणाऱ्या पर्यायांत ओतीव गोळ्या सगळ्यात वर असतात. काही जण त्या स्वतः ओततात. त्यात पैसे वाचतात, पण शिशाची धूळ आणि वाफ रक्तात जाते आणि घरात लहान मूल असेल तर ती बचत नको. आणखी एक 'पण' म्हणजे बोथट नाकाची गोळी काही रायफलींत मॅगझीनमधून वर चढताना अडकते. आधी दहा-वीसच आणून बघाव्यात.

स्वस्ताईचे दोन सापळेही आहेत. लष्कराच्या बाद काडतुसांतून उपसून काढलेल्या गोळ्या घाऊक मिळतात, पण त्यातल्या ३०८ व्यासाच्या बहुतेक १४७ ग्रेनच्या असतात. ३२० ने सोडल्या तर ऊर्जा ४९० जूलच्या आत. स्वस्त आहेत, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर नाहीत. दुसरा सापळा नावाचा. रशियन ७.६२ बाय ३९ काडतुसाची गोळीही '७.६२' च म्हणवते, पण तिचा व्यास ०.३१० ते ०.३११ इंच, ०.३०८ नाही. तीन हजारांश इंच ऐकायला किरकोळ वाटतं. आवरण असलेली जाड गोळी अरुंद नळीत कोंबली की दाब वाढतो, मग ते किरकोळ राहत नाही. लेबलवर नाही, मायक्रोमीटरवर विश्वास ठेवायचा.

माझे छर्रे

टेक्निशियनची खरी भीती वेगळी होती. "स्वस्त गोळ्यांचं वजन सारखं नसतं. एकेक तोलून वेगळी करत बसू का?" हे ऐकलं आणि मला माझं दुसरं वर्ष आठवलं.

मी तेव्हा ग्लिसरिनमध्ये स्टीलचे छर्रे सोडून त्यांचा अंतिम वेग मोजत होते. निकाल दहा-पंधरा टक्क्यांनी इकडे तिकडे होत होते. मी ठरवूनच टाकलं की दोष छर्ऱ्यांचा. सायकलच्या दुकानातून आणलेले, त्यांचा काय भरवसा! गाईडच्या मागे लागून वर्षाच्या कंटिन्जन्सीतला मोठा हिस्सा प्रिसिजन छर्ऱ्यांवर घालवला, ते यायला तीन महिने लागले. आले, सोडले, निकाल तसेच इकडे तिकडे. ग्लिसरिनची श्यानता २० अंशांना साधारण १.४ पास्कल-सेकंद असते आणि २५ अंशांना ०.९५ च्या आसपास येते. म्हणजे एका अंशाला जवळजवळ आठ टक्के. आणि आमच्या लॅबचा एसी दुपारी दोनला बंद व्हायचा. सायकलवाल्या छर्ऱ्यांच्या व्यासातली चूक फार तर अर्धा टक्का, वेगात एक टक्का. मी एक टक्क्याच्या चोराला पकडायला सगळे पैसे घालवले आणि पंधरा टक्क्यांचा दरोडेखोर शेजारी भिंतीवर लटकलेला होता. तीन महिन्यांनी माझी फेलोशिप संपायची वेळ तीन महिन्यांनी पुढे गेली नाही, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा टेक्निशियनसाठी मी एरर बजेट मांडलं. समजा स्वस्त गोळ्यांच्या वजनाचं स्टँडर्ड डेव्हिएशन १ ग्रेन आहे. २२० मध्ये १ म्हणजे ०.४५ टक्के. दारूची ऊर्जा तीच धरली तर वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्तात बदलतो, म्हणून वेगातली चूक त्याच्या निम्मी: ०.२३ टक्के, सेकंदाला ०.७ मीटर. आता बाकी सगळ्या कारणांनी, म्हणजे मोठ्या पुंगळीत थोडीशी दारू कुठे पडून आहे, प्रायमर कसा पेटला वगैरेंनी, वेगात समजा ४.५ मीटरचं डेव्हिएशन आहे. स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात. ४.५ चा वर्ग आणि ०.७ चा वर्ग यांच्या बेरजेचं वर्गमूळ: ४.५५. एकेक गोळी तोलून वजनातली चूक अगदी शून्यावर आणली, तरी ४.५५ चं ४.५ होणार. शनिवार-रविवार तोलत बसण्याची ही कमाई.

आणि ही ४.५ ची चूक हळू गोळीला जास्त भोवते. हवेचा विरोध सोडून हिशेब केला तर ३२० ने गेलेली गोळी शंभर मीटरमध्ये ४८ सेंटिमीटर खाली येते, ६७५ ने गेलेली १०.८. वेगात १.४ टक्के फरक पडला की पहिली १३ मिलिमीटर वरखाली लागते, दुसरी फक्त ३. म्हणजे या माणसाने वेळ घालवायचा तो दारू आणि पुंगळ्यांच्या सारखेपणावर. गोळीच्या वजनावर नाही.

"पण स्वस्त आणि महाग अशा पाच-पाच झाडून बघितल्या, महाग चांगल्या निघाल्या," असा त्याचा मुद्दा. हा मुद्दा तुमच्या सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्येही कोणीतरी करणार आहे, म्हणून सांगते. पाच मापांवरून स्टँडर्ड डेव्हिएशन ४.५ आलं, तर ९५ टक्के विश्वासपातळीला खरी किंमत २.७ ते १२.९ यांच्यात कुठेही असू शकते. एवढ्या रुंद दारातून स्वस्त आणि महाग दोन्ही हातात हात घालून जातील. तीस मापं घेतली तर तेच दार ३.६ ते ६.० इतकं अरुंद होतं. शिवाय 'सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर' हे नेमबाजांचं लाडकं माप नमुन्याच्या संख्येवर अवलंबून असतं. एकाच दिशेतला फैलाव धरला, तर पाच गोळ्यांना ते सरासरी २.३ सिग्मा येतं, दहांना ३.१, वीसांना ३.७. स्वस्त गोळ्या मुबलक म्हणून दहा झाडल्या आणि महाग जपून पाच, तर महाग आपोआप चांगल्या दिसणार.

एक गोष्ट मात्र फुकटात होते. तीस गोळ्या न झाडता काट्यावर आणि मायक्रोमीटरवर मोजता येतात, त्यात एकही वाया जात नाही. ते आधी करायचं. आणि आवडल्या तर त्याच लॉटच्या एकदम घ्यायच्या, कारण पुढच्या लॉटला आपली तीस मापं लागू होतीलच असं नाही.

त्याने शेवटी दोन प्रकारच्या ओतीव, बोथट नाकाच्या गोळ्यांची लहान पाकिटं मागवली आणि तोलत बसणं सोडलं. दोन महिने सगळं छान. जानेवारीत सिनियरचा परत फोन. "अगं, तो म्हणतोय गोळ्या खराब निघाल्या. काल सकाळपासून कडाड कडाड आवाज येतोय." मी विचारलं, काडतुसं कुठे ठेवली होती? गाडीत, हीटरजवळ. आणि बाहेर किती होतं? उणे २०.

ध्वनीचा वेग शून्य अंशाला ३३१ मीटर. प्रत्येक अंशाला ०.६ ने बदलतो. नागपूरच्या दुपारी ३५ ला ३५२, मिनेसोटातल्या त्या सकाळी ३१९. त्याची गोळी नेहमीसारखीच ३२० ने चालली होती.